पेरपेत्यूकाकूंच्या भाड्याच्या तलवारी

व्हर्सायच्या राजवाड्यात जायला तशी कुणालाच बंदी नव्हती. कपडे बरे हवेत, एवढंच. पुरुषमाणूस असेल तर मात्र कमरेला तलवार आणि काखेत टोपी पाहिजेच. ती नसली की फाटकावरचा स्विस पहारेकरी भाला आडवा धरायचा आणि हनुवटी हलवून डावीकडचं बाकडं दाखवायचा. ते बाकडं पेरपेत्यूकाकूंचं. वाणी असो, वकील असो, दात उपटणारा असो, भाडं टेकवायचा, कंबर पुढे करायचा आणि जरा वेळानं सरदार होऊन परत फाटकाकडे चालू लागायचा.

"सरदार घडवायला राजाला पिढ्यान् पिढ्या लागतात," काकू म्हणायच्या, "मला एक पट्टा आणि एक बक्कल पुरतं."

माझं बाकडं त्यांच्याला लागूनच. मी हातमोजे विकायची. त्यामुळे काकूंचा आवाज माझ्या कानात दिवसभर असायचा, आणि आवाज कसला, पोत्यातून वाळू ओतावी तसा खरखरीत. तरुणपणी त्या जत्रेतल्या नाटक मंडळीत पडद्याआडून नटांना संवाद सांगायच्या. नट प्यायलेले असायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडावं लागायचं, त्यातच घसा गेला. नवरा बार्नाबे त्याच मंडळीत सामान सांभाळायचा. मुकुट, दाढ्या, सिंहासन, सगळं त्याच्या हातचं. मंडळी बुडाली तेव्हा मालकानं पगाराऐवजी तलवारींची पेटी दिली आणि पळ काढला. पुढे बार्नाबेही गेला. काकू पेटी हातगाडीवर घालून पॅरिसहून थेट राजवाड्याच्या फाटकाशी आल्या.

आता नाटकातल्या तलवारी म्हटल्यावर समजायचं ते समजा. मुठी सुंदर, पितळी, एकीवर सिंहाचं तोंड, एकीवर वेल. म्यानं काळ्या चामड्याची, तेल लावून चकचकीत. आणि आत पातंच नाही. मुठीखाली वीतभर लाकडी खुंटी, म्यानात घट्ट बसावी म्हणून चिंधी गुंडाळलेली. हे फक्त काकूंना आणि मला ठाऊक होतं.

"काकू, कुणी उपसून बघितली तर?"

"कशाला बघेल? माणूस तलवार भाड्यानं घेतो ती लोकांनी बघावी म्हणून. स्वतः बघायला नाही."

गिऱ्हाईक आलं की काकू त्याला आधी 'दादा' म्हणायच्या. "या दादा, पोट आत घ्या दादा, अजून घ्या, काल काय हंस खाल्लात?" बक्कल अडकलं की तोच माणूस 'सरकार' व्हायचा. "पाठ ताठ, सरकार! मान अशी, सरकार!" संध्याकाळी पट्टा सुटला की परत: "दादा, टोपी विसरलात, ती इकडे द्या." मधल्या वेळात तो माणूस कसा चालतो ते बघण्यात आमचा दिवस मजेत जायचा.

शिकवणीही भाड्यातच असायची. दार ठोठावायचं नाही, डाव्या हाताच्या करंगळीच्या नखानं हळूच खरवडायचं. बसताना तलवार मागे सारायची, नाहीतर शेजारच्या बाईच्या घागऱ्यात जाते. यातलं काही खरं होतं. बरंचसं काकूंनी पडद्याआडून ऐकलेल्या नाटकांतलं होतं, आणि त्या नाटकांतले सरदार जरा जास्तच सरदार असायचे. त्यातला एक धडा काकूंचा फार लाडका:

"दारात मागं सरायचं नाही. कुणीही येऊ दे. मागं सरला की तुमचं दुकान उघडं पडलं!"

मी एकदा म्हटलं, "अहो, सगळ्यांनाच हे शिकवलंत आणि दोघं एका दारात आले तर?"

"एवढा मोठा राजवाडा आहे, ओदिल. दारं काय कमी आहेत?"

त्या वर्षी मात्र फाटकाचे कारभारी ओब्रियोसाहेब काकूंच्या मागे लागले होते. बाकड्याचा परवाना त्यांच्या हातात, आणि त्यांच्या मेहुण्यानं नुकतंच तलवारींचं दुकान काढलेलं. त्याला फाटकावरची जागा हवी होती. ओब्रियोसाहेबांचं वागणं अगदी शुद्ध. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. बाकड्यासमोर उभे राहून तपकीर ओढायचे आणि म्हणायचे,

"बाई, माझं तुमच्याशी वैर नाही."

"तेच तर भीतीचं आहे, साहेब."

"एक तक्रार. तुमच्या गिऱ्हाइकाची फक्त एक तक्रार माझ्या कानावर आली, की हे बाकडं उचलायचं. मेहुण्याच्या तलवारी पोलादी आहेत. राजाच्या दाराला शोभतील."

ते गेल्यावर काकू हसल्या, पण टोप्या पुसताना एकच टोपी पुसत राहिल्या. त्यांना दुसरं कुठलं घर नव्हतं, दुसरी कला नव्हती. पेटी घेऊन परत पॅरिसला जायचं तर जत्रेतली ती मंडळीसुद्धा आता उरली नव्हती.

"पोलादी म्हणे," त्या पुटपुटल्या. "वाण्यांच्या हातात पोलाद देणार! देव राजाचं रक्षण करो."

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. रविवारी राजा आरशांच्या दालनातून प्रार्थनेला जायचा आणि त्याला जाताना बघायला गावोगावचे लोक यायचे. सकाळपासून फाटकाशी जत्रा. आधी आला रूआँचा कापडवाला केनेल. उंच, वाळका, नाक लाल, अंगावर नवाकोरा निळा कोट.

"बाई, तलवार चांगली दाखवा. रूआँला सगळ्या गल्लीला सांगून आलोय मी, तलवार लावून राजासमोर उभा राहणार म्हणून. माझ्या सासऱ्याचा विश्वास नाही."

"सासऱ्यांचा कशावरच नसतो, दादा. ही घ्या, सिंहाची. कंबर द्या. वा! आता हे सरकार बघून सासरे उठून उभे राहतील."

केनेलनं मुठीवर हात ठेवला, आणि खरं सांगते, तो बोटभर वाढला. काकूंनी त्याला करंगळी शिकवली, बसणं शिकवलं, दार शिकवलं. तो मान डोलावत गेला.

थोड्या वेळानं आला दिजाँचा मोहरीची चटणी करणारा ब्रिदू. गोल, घामाघूम, आणि बरोबर बायको. ब्रिदूबाईंची जीभ नवऱ्याच्या मोहरीपेक्षा झणझणीत.

"वेलाची द्या, बाई. सिंह नको, यांना मांजरसुद्धा घाबरत नाही."

"अगं, जरा हळू!"

"हळू कशाला? अहो, पट्टा पुरत नाहीये, पोट आत घ्या!"

"आतच आहे!"

पट्टा पुरला. ब्रिदू सरकार झाला. त्यालाही करंगळी, त्यालाही बसणं, त्यालाही दार. ब्रिदूबाई म्हणाल्या, "दारात मागं सरू नका म्हणताय? घरी तर हे दारातून आतच येत नाहीत, दुकानातच झोपतात!" आणि हसत हसत नवऱ्याला ढकलत घेऊन गेल्या.

मलाही त्या दिवशी आत काम होतं. एका बाईसाहेबांच्या दासीनं पांढरे हातमोजे मागवले होते. ते पोचवून मी आरशांच्या दालनाच्या दाराशी थांबले, म्हटलं आलेच आहे तर राजा बघून जावं. दाराची एकच फळी उघडी होती. दोन्ही फळ्या उघडायच्या त्या राजघराण्यातल्यांसाठी, बाकी सगळे एका फळीतून.

डावीकडून केनेल आला. उजवीकडून ब्रिदू. आणि दोघं एकाच वेळी त्या फळीत शिरले.

शिरले म्हणजे अडकले. एकाचं पोट, दुसऱ्याचं कोपर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केनेलला वाटलं हा कुणीतरी बडा उमराव आहे, ब्रिदूलाही तसंच वाटलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकच वाक्य वाजलं: मागं सरायचं नाही.

"महाशय," केनेल म्हणाला, "मी निघालो होतो."

"मीही निघालोच होतो, महाशय."

"माझं घराणं फार जुनं आहे."

"किती?"

"धर्मयुद्धांपासून."

"आमचं त्याच्या आधीपासून!"

"त्याच्या आधी काय होतं?"

"आम्हीच होतो!"

मागून ब्रिदूबाई ओरडल्या, "अहो, तुमचे आजोबा खेचरावरून मोहरी विकायचे!"

"तू गप्प बस गं! लोक ऐकतायत!"

लोक ऐकतच होते. दालनातल्या बायकांच्या हातातले पंखे थांबले. खिडकीशी एक म्हातारे उमराव एका पायावर भार देऊन उभे होते, ते पुढे सरकून बघू लागले. मी हातवारे करून दोघांना सांगायचा प्रयत्न केला, पण रंगमंचावर गेलेल्या नटाला बाजूनं केलेल्या खुणा दिसतात कुठे?

"खेचर?" केनेल म्हणाला. त्यानं हसायला नको होतं.

ब्रिदू लाल झाला. "हसता? तलवार आहे माझ्या कमरेला!"

"माझ्या काय चमचा आहे?"

राजाच्या छपराखाली तलवार उपसणाऱ्याला कोठडीच, तिथं दयामाया नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या दोघांना त्या घडीला आपण कोण हेच ठाऊक नव्हतं. पहारेकरी धावला. त्याच्या आधी दोन हात दोन मुठींवर गेले, दोन मुठी वर आल्या.

फट्. फट्.

बाटलीचं बूच निघावं तसा आवाज. दोघांच्या हातात एकेक सुंदर पितळी मूठ, आणि खाली वीतभर लाकडी खुंटी. ब्रिदूच्या खुंटीवरची चिंधी हळूहळू सुटली आणि त्याच्या बुटावर पडली.

केनेलनं स्वतःच्या खुंटीकडे पाहिलं. मग ब्रिदूच्या. मग परत स्वतःच्या.

खिडकीतले म्हातारे उमराव आधी खोकले. मग लक्षात आलं, ते खोकत नव्हते. त्यांना भिंतीला टेकवून धरावं लागलं. मग सगळं दालन हसलं, पहारेकरीसुद्धा हसला, आणि हसतच त्यानं दोघांची मानगूट पकडली. मी घागरा उचलला आणि फाटकाकडे पळत सुटले.

"काकू! दार! तुमचं ते दार!"

"कुठलं दार? श्वास घे आधी."

मी सांगितलं. काकूंनी हातातली टोपी खाली ठेवली.

ओब्रियोसाहेब धावत आले नाहीत. त्यांना घाई नव्हती. ते अंगण ओलांडून सावकाश आले, मागे पहारेकरी, त्याच्या दोन हातांत दोन सरकार आणि मागे ब्रिदूबाई. साहेबांनी आधी तपकीर ओढली.

"बाई, माझं तुमच्याशी वैर नाही."

"ठाऊक आहे, साहेब."

"राजवाड्यात शस्त्र उपसलं, असा गुन्हा मला लिहिता येत नाही. पहारेकरी म्हणतो, शस्त्रच नव्हतं. तेव्हा हे दोघे सुटले. पण तलवार म्हणून तुम्ही लाकूड भाड्यानं दिलंत. याला फसवणूक म्हणतात. या दोघांपैकी एकानं तसं म्हटलं, की माझा मेहुणा उद्या सकाळी इथं येईल." ते वळले. "बोला. कुणाची तक्रार आहे?"

ब्रिदूनं तोंड उघडलं. ब्रिदूबाईंनी ते बंद केलं.

"यांची नाही! पातं असतं तर आत्ता मी विधवा झाले असते, नाहीतर हे कोठडीत आणि मी दुकानात. मोहरी कोण वाटणार? तुमचा मेहुणा? बाई, तुमचे उपकार आहेत."

"अगं पण माझी अब्रू..."

"ती मी घरी गेल्यावर शोधून देते."

राहिला केनेल. तो अजून ती सिंहाची मूठ हातात धरून उभा होता. त्याचं लाल नाक पांढरं पडलं होतं.

"मला... मला सगळे हसले," तो म्हणाला. "राजा येण्याआधीच मला बाहेर काढलं. मी रूआँहून आलो. आता सासऱ्याला काय सांगू? लाकूड लावून उभा होतो म्हणून?"

ओब्रियोसाहेब गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे फसवणूक झाली. म्हणा तसं, महाशय."

काकू बाकड्याच्या पुढे आल्या. मला वाटलं आता काहीतरी फर्डं बोलतील, नाटकातलं एखादं स्वगत. पण त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"दादा, लाकडाचं मला काही वाटत नाही. आज त्यानंच तुमचा जीव वाचवला. पण दाराचं चुकलं माझं. दोघांना एकच शिकवलं. तुमचा रविवार गेला तो माझ्यामुळे. तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा."

केनेल मुठीकडे बघत राहिला. ओब्रियोसाहेबांनी दुसरी चिमूट काढली. मी विकायचे मोजे चुरगाळत होते.

आणि मागून काठीचा आवाज आला. टक, टक. दालनातले ते म्हातारे उमराव, डोळे अजून ओले, लंगडत अंगणातून येत होते. पहारेकऱ्यानं टाचा जुळवल्या. ओब्रियोसाहेब कमरेत वाकले.

"मार्की द सोव्हिन्याक! आपण कशाला त्रास घेतलात? ते दोघे विदूषक मी आता..."

"विदूषक राहू दे, ओब्रियो. त्या तलवारी कुणाच्या?"

"या बाईंच्या, सरकार. आम्ही हे बाकडं आजच..."

"बाई," म्हाताऱ्यांनी ओब्रियोसाहेबांकडे पाठ फिरवली, "वजन किती असतं हो तुमच्या तलवारीला?"

काकू गोंधळल्या. "वजन? वजन नसतंच म्हणा ना, सरकार. कोंबडी उचलल्यासारखं."

"कोंबडी!" त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात मारला. तिथं एक लांब, काळी, जुनाट तलवार लोंबत होती. "ही माझ्या पणजोबांची. दोन लढाया पाहिलेली. हिच्यापायी माझ्या कमरेचं हाड गेलं, डावा गुडघा गेला. सकाळी राजाच्या उठण्याला उभं राहायचं, दुपारी जेवणाला उभं राहायचं, संध्याकाळी पत्त्यांना उभं राहायचं. राजासमोर बसायची परवानगी आमच्या घराण्याला नाही. बाकी सगळं आहे."

"पण सरकार," काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आपण तर खरे..."

"खरा आहे म्हणूनच कंबर दुखते, बाई! ती सिंहाची द्या मला. आजच्या दिवसापुरती."

त्यांनी केनेलच्या हातातल्या मुठीकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी केनेलकडे पाहिलं.

केनेलनं मूठ छातीशी धरली.

"ही... ही माझी आहे, सरकार. मी घेतलीये. संध्याकाळपर्यंत."

मार्कीनं भुवया वर केल्या. कापडवाल्यानं आजवर मार्कीसारख्या बड्या उमरावाला नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मान लववली.

"आपण आधी घेतलीत. बरोबर आहे. मला दुसरी चालेल."

"वेलाची देऊ का, सरकार?" काकू भानावर आल्या.

"वेलाची माझी आहे," ब्रिदू घाईघाईनं म्हणाला आणि बायकोच्या मागे सरकला.

ओब्रियोसाहेब घसा खाकरून म्हणाले, "महाशय केनेल, आपली तक्रार राहिली."

"कसली तक्रार?" केनेल म्हणाला. त्यानं खुंटी म्यानात खुपसली, तळव्यानं ठोकली आणि कोट सरळ केला. "तलवार उत्तम आहे. खुद्द मार्की द सोव्हिन्याक यांना ती हवी होती, मी दिली नाही. रूआँला जाऊन सांगणार आहे. तुम्ही साक्षीदार आहात ना?"

साहेब साक्षीदार होते. त्यांचा चेहरा तसाच शुद्ध राहिला, फक्त तपकीर नाकाऐवजी कॉलरवर सांडली.

काकू पेटीत वाकल्या होत्या. तळातून त्यांनी एक म्यान काढलं, रुपेरी मुठीचं, जे त्या कुणालाच देत नसत. बार्नाबेनं ते शेवटच्या नाटकातल्या राजपुत्रासाठी केलं होतं. मार्कीच्या कमरेवरची पणजोबांची तलवार त्यांनी दोन हातांनी सोडवली आणि माझ्याकडे दिली. मी वाकलेच. खरंच जड होती हो. नवी अडकवल्यावर म्हातारे दोन पावलं चालले, थांबले, काठी न टेकता परत आले.

"बाई, ही मी उद्याही घेईन. आणि माझे दोन मित्र आहेत, माझ्याहून म्हातारे. त्यांनाही पाठवतो. बाकडं असेल ना उद्या?"

प्रश्न त्यांनी काकूंना विचारला होता. काकूंनी उत्तरासाठी ओब्रियोसाहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं, पहारेकऱ्यानंही पाहिलं, आणि ब्रिदूबाईंनी तर कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"असेल," साहेब म्हणाले. "अर्थात असेल. का नसेल?"

"मेहुणे?" काकूंनी विचारलं.

"मेहुणे गावातच बरे आहेत."

मार्की केनेलबरोबर परत आत गेले. राजा निघून गेला होता, पण जेवायला बसताना दिसेल, तुम्हाला नीट जागा दाखवतो, असं ते त्याला सांगत होते आणि केनेल तलवार मागे सारत जपून पावलं टाकत होता. ब्रिदू दांपत्य त्यांच्या मागोमाग निघालं. बाई काहीतरी सांगत होत्या, ते ऐकू आलं नाही.

ओब्रियोसाहेबही निघाले. तेवढ्यात काकूंचा घसा पूर्वीसारखा वाजला.

"साहेब!"

"आता काय, बाई?"

"माझं तुमच्याशी वैर नाही."

साहेब थांबले.

"पण आता मोठी मोठी माणसं येणार, त्यांना पट्टा बांधेपर्यंत उन्हात उभं करायचं का? वर एक छप्पर पाहिजे. ताडपत्रीचं नको, लाकडी. आणि बसायला बाक. मार्कींना राजासमोर बसता येत नाही, माझ्यासमोर बसतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मदत करीन. मी पणजोबांची तलवार सांभाळत उभी होते, माझे हात अडकले होते.

"बाकसुद्धा?" ते म्हणाले.

"उशीसकट," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "या दादा, या. कंबर द्या."